पुली बदलली, पॉवर वाढली? पॉवर स्टेअरिंग आणि इंजिन पुलीच्या मॉडिफिकेशनमागचं खरं गणित

स्क्रोल करता करता असा एखादा रील तुमच्याही समोर आला असेल. बॉनेट उघडं, हातात चकचकीत निळी नाहीतर लाल ॲल्युमिनियमची पुली आणि खाली कॅप्शन: ‘फक्त एक पार्ट बदला, १५ हॉर्सपॉवर फुकट!’ पुढच्या रीलमध्ये कोणीतरी पॉवर स्टेअरिंगचा पंपच काढून टाकतो आणि सांगतो, ‘आता खरी गाडी चालवल्यासारखं वाटतं.’

दोन्ही गोष्टी पूर्ण खोट्या नाहीत. रेसिंगच्या जगात हे बदल कित्येक दशकं होत आले आहेत आणि योग्य ठिकाणी त्यांचा उपयोगही होतो. पण ‘फुकट ते पौष्टिक’ हे इंजिनला लागू होत नाही. इंजिनच्या पुढच्या बाजूला जे काही फिरत असतं, ते कोणत्या ना कोणत्या कामासाठी फिरत असतं. ते काम थांबवलं किंवा कमी केलं की बिल कुठेतरी येतंच. प्रश्न एवढाच, की ते कुठे येतं आणि कोण भरतं?

आता या गोष्टीला आणखी एक पदर आहे. नव्या गाड्यांमधून बेल्ट आणि पुल्याच गायब व्हायला लागल्या आहेत आणि त्यांची जागा सॉफ्टवेअरने घेतली आहे. म्हणजे आज पान्याने होणारं मॉडिफिकेशन उद्या लॅपटॉपने करावं लागेल, आणि तेही कंपनीने करू दिलं तरच. म्हणून हा विषय नीट समजून घ्यायला हवा.

आधी बेसिक: पुली करते काय?

इंजिनच्या आत पिस्टन वर-खाली होतात आणि क्रँकशाफ्ट फिरतो. या शाफ्टच्या पुढच्या टोकाला जी पुली असते ती क्रँक पुली. तिच्यावरून एक लांबलचक बेल्ट जातो आणि तो बाकीच्या वस्तू फिरवतो:

- अल्टरनेटर: बॅटरी चार्ज करतो, लाइट आणि इलेक्ट्रॉनिक्सला वीज देतो
- वॉटर पंप: कूलंट फिरवून इंजिन थंड ठेवतो (काही गाड्यांत तो टायमिंग बेल्टवर असतो)
- एसीचा कॉम्प्रेसर
- पॉवर स्टेअरिंगचा हायड्रॉलिक पंप (जुन्या पद्धतीच्या गाड्यांत)
- सुपरचार्जर असलेल्या गाडीत सुपरचार्जर

हे सगळं फिरवायला इंजिनची थोडी ताकद खर्च होते. ती वाचवायची असेल, तर या वस्तू हळू फिरवायच्या. त्यासाठी क्रँक पुली लहान करायची. याला ‘अंडरड्राइव्ह’ पुली म्हणतात. तत्त्व सायकलच्या गिअरसारखंच, पुढचं चक्र लहान केलं की मागचं हळू फिरतं.

फायदा किती? आकडे मांडून बघू

समजा क्रँक पुली १५० मिलिमीटरची आहे आणि अल्टरनेटरची ५० मिलिमीटरची. म्हणजे इंजिनच्या एका फेरीत अल्टरनेटर तीन फेऱ्या मारतो. गाडी सिग्नलला उभी आहे आणि इंजिन ८०० आरपीएमवर चालू आहे, तर अल्टरनेटर २,४०० आरपीएमवर.

आता पुली २५ टक्के लहान करा. अल्टरनेटर १,८०० वर येतो. पावसाळ्यातली रात्र, हेडलाइट चालू, वायपर चालू, एसीचा ब्लोअर चालू, मोबाइल चार्जिंगला, आणि ट्रॅफिक जॅम. अशा वेळी अल्टरनेटर पुरेशी वीज देऊ शकला नाही, तर उरलेली वीज बॅटरीतून जाते. असं रोज झालं की एक दिवस सकाळी बॅटरी उतरलेली. वॉटर पंप त्याच बेल्टवर असेल, तर कूलंटही हळू फिरतं आणि जॅममध्ये टेंपरेचरचा काटा वर चढतो.

रेस ट्रॅकवर हा त्रास होत नाही, कारण तिथे इंजिन जवळजवळ पूर्ण वेळ ४,००० च्या वरच असतं. एकच पार्ट एका ठिकाणी शहाणपणाचा आणि दुसऱ्या ठिकाणी डोकेदुखीचा ठरतो तो असा.

दुसरा प्रकार म्हणजे हलकी पुली. आकार तोच, पण लोखंडाऐवजी ॲल्युमिनियम. इथे दावा ‘पॉवर वाढली’ असा असतो, पण प्रत्यक्षात पॉवर वाढत नाही, फिरणारं वजन कमी होतं. समजा पुलीचं वजन दोन किलोने कमी केलं आणि तिची त्रिज्या साडेसात सेंटिमीटर आहे. साध्या फिजिक्सने हिशोब केला तर पहिल्या गिअरमध्ये (इंजिनपासून चाकापर्यंतचा एकूण रेशो १३ धरून) हा बदल गाडीतून सुमारे १० किलो वजन उतरवल्याइतका आहे. चौथ्या गिअरमध्ये, रेशो ४ धरला, तर एक किलोपेक्षाही कमी! म्हणजे पहिल्या गिअरमध्ये पिकअप किंचित तरतरीत वाटेल, पण हायवेवर काहीच कळणार नाही. डिकीतला पसारा काढला तरी साधारण तेवढाच फायदा होईल, आणि तोही खरंच फुकट.

मग डायनोवर १० हॉर्सपॉवर वाढलेली कशी दिसते? एकाच गाडीच्या लागोपाठच्या दोन रनमध्येही दोन-तीन हॉर्सपॉवरचा फरक सहज पडतो. इंजिन किती तापलंय, हवा किती गरम आहे, टायरमध्ये हवा किती, पट्टे किती आवळलेत, या सगळ्याचा परिणाम होतो. त्यामुळे ‘आधी-नंतर’चा एकेकच रन दाखवणाऱ्या व्हिडिओवर विश्वास ठेवू नका. त्याच दिवशी, त्याच मशीनवर, आधी तीन आणि नंतर तीन रन असतील तर बोला.

सगळ्यात मोठी चूक: डॅम्पर काढून टाकणं

इथे मात्र विषय गंभीर होतो. बऱ्याच गाड्यांमध्ये क्रँक पुली ही नुसती पुली नसते. आत एक हब, मध्ये रबराचा थर आणि बाहेर जड कडं अशी तिची रचना असते. याला हार्मोनिक डॅम्पर म्हणतात.

तो कशासाठी? प्रत्येक वेळी सिलिंडरमध्ये स्फोट होतो तेव्हा क्रँकशाफ्टला एक पीळ बसतो आणि तो लगेच सुटतो. शाफ्ट पोलादाचा असला तरी अगदी सूक्ष्म प्रमाणात पिळवटतोच. एका ठरावीक आरपीएमला हे झटके शाफ्टच्या नैसर्गिक कंपनाशी जुळतात आणि कंपन वाढत जातं. झोपाळ्याला बरोबर वेळेवर धक्का दिला की तो उंच जातो, तसंच. डॅम्परमधलं रबर ही ऊर्जा शोषून उष्णतेत बदलतं.

डॅम्परच्या जागी एकसंध ॲल्युमिनियमची पुली लावली, तर हे कंपन खाणारं कोणीच उरत नाही. गंमत म्हणजे ड्रायव्हरला ते जाणवतही नाही. स्टेअरिंगवर किंवा सीटवर येणारा हादरा वेगळा आणि शाफ्टच्या आतला पीळ वेगळा. गाडी छान पळते, आणि आत मात्र बेअरिंग आणि क्रँकच्या टोकावर बसवलेल्या ऑइल पंपाचे गिअर मार खात राहतात. ऑइल पंप गेला की प्रेशर गेलं, आणि प्रेशर गेलं की काही सेकंदांत इंजिन जाम.

सलग सहा सिलिंडरच्या इंजिनांत हा धोका जास्त, कारण त्यांचा क्रँकशाफ्ट लांब असतो आणि लांब शाफ्ट जास्त पिळवटतो. म्हणून जाणकार ट्यूनर दोनपैकी एक करतात: मूळ डॅम्पर तसाच ठेवून फक्त बाकीच्या पुल्या बदलतात, किंवा रेसिंगसाठी बनवलेला महागडा डॅम्पर लावतात. नुसतं ॲल्युमिनियमचं चाक ते लावत नाहीत.

मिनी कूपर एस: एका पुलीची साखळी

पुली मॉडिफिकेशनचं सगळ्यात प्रसिद्ध उदाहरण म्हणजे २००२ ते २००६ दरम्यान विकली गेलेली पहिल्या पिढीची मिनी कूपर एस, कोडनेम आर५३. १.६ लीटरचं इंजिन, त्यावर ईटन कंपनीचा एम४५ सुपरचार्जर आणि १६३ ते १७० हॉर्सपॉवर. ब्रिटन आणि अमेरिकेत या गाडीवरचा पहिला बदल ठरलेला असायचा: सुपरचार्जरची पुली १५ टक्के लहान करणं.

लक्षात घ्या, इथे उलटं गणित आहे. क्रँकची पुली लहान केली की वस्तू हळू फिरतात, पण सुपरचार्जरवरची पुली लहान केली की सुपरचार्जर जोरात फिरतो. १५ टक्के लहान पुली म्हणजे सुमारे १७.६ टक्के जास्त वेग. इंजिनात जास्त हवा कोंबली जाते, कॉम्प्युटर त्याप्रमाणे जास्त इंधन देतो आणि पॉवर खरोखर वाढते. हा काही डायनोवरच्या चुकीचा खेळ नाही.

पण बिल बघा. आर५३ मध्ये वॉटर पंप बेल्टवर नाही, तो सुपरचार्जरच्याच गिअरवरून फिरतो. म्हणजे सुपरचार्जरबरोबर वॉटर पंपही १७.६ टक्के जोरात. सुपरचार्जर जोरात फिरला की हवा जास्त तापते, आणि या गाडीचा इंटरकूलर इंजिनच्या डोक्यावर, बॉनेटमधल्या फटीखाली बसवलेला. गरम हवेमुळे सिलिंडरमध्ये नॉकिंगचा धोका वाढतो, तो टाळायला कॉम्प्युटर टायमिंग मागे घेतो, आणि भर दुपारी मिळालेली पॉवर परत जाते. शिवाय लहान पुलीला बेल्टचा विळखा कमी बसतो, त्यामुळे बेल्ट घसरू शकतो. म्हणून पुलीबरोबर योग्य मापाचा बेल्ट, थंड स्पार्क प्लग आणि नीट ट्यूनिंग, असा सगळा संच करावा लागतो.

एक पुली बदलली आणि पाच गोष्टी हलल्या. रीलमध्ये पुलीची किंमत सांगतात, या पाच गोष्टींची नाही.

पॉवर स्टेअरिंग: काढायचं की ठेवायचं?

हायड्रॉलिक पॉवर स्टेअरिंगमध्ये पंप तेलावर दाब निर्माण करतो आणि तो दाब चाकं वळवायला मदत करतो. या पंपाची मूळ अडचण मजेशीर आहे. मदत सगळ्यात जास्त कधी लागते? पार्किंग करताना. आणि इंजिन सगळ्यात हळू कधी फिरतं? तेव्हाच. त्यामुळे पंप असा बनवावा लागतो की ८०० आरपीएमलाही पुरेसं तेल ढकलेल. मग ८,००० आरपीएमला तो गरजेच्या कितीतरी पट जास्त तेल ढकलतो. जास्तीचं तेल व्हॉल्व्हमधून नुसतं गोल फिरत राहतं आणि तापतं.

बीएमडब्ल्यूची ई४६ पिढीची एम३ हे याचं चांगलं उदाहरण. तिचं इंजिन ८,००० आरपीएमच्या आसपास जातं. ट्रॅकवर सलग काही लॅप मारले की स्टेअरिंगचं तेल उकळून टाकीतून बाहेर येण्याच्या तक्रारी मालकांमध्ये नेहमीच्या. इथे पंपावर मोठी पुली लावून पंप हळू करणं हा समजूतदार बदल आहे. पॉवरसाठी नव्हे, तर तेल थंड राहावं म्हणून. सोबत तेलाचा छोटा कूलर लावला तर आणखी चांगलं. किंमत? पार्किंगमध्ये स्टेअरिंग थोडं जड.

पंप पूर्ण काढणारे लोक वेगळे. त्यांची लाडकी गाडी म्हणजे १९८९ मध्ये आलेली माझदाची एमएक्स-५, अमेरिकेत मियाटा. वजन हजार किलोच्या आत, त्यामुळे मदतीशिवायही ती वळवता येते. कंपनीने स्वतःच काही गाड्या साध्या स्टेअरिंगसह विकल्या. पण त्यातली खोच बघा: पॉवर स्टेअरिंगच्या गाडीत रेशो १५:१ होता, साध्या गाडीत १८:१. म्हणजे मदत काढली तेव्हा कंपनीने हाताला पडणारा जोर कमी व्हावा म्हणून गिअरिंगही बदललं.

गॅरेजमध्ये मात्र शॉर्टकट चालतो. पंप काढायचा, दोन नळ्या एकमेकींना जोडायच्या, झालं. प्रत्यक्षात रॅकच्या आतला पिस्टन तसाच असतो आणि प्रत्येक वळणाला तेल नळीतून ढकलत बसतो. शिवाय स्टेअरिंगच्या टोकाला एक बारीक टॉर्शन बार असतो. ड्रायव्हर किती जोर लावतोय ते त्याच्या पिळावरून कळावं, म्हणून तो मुद्दाम लवचिक ठेवलेला असतो. मदत गेली तरी ही लवचीकता राहते. परिणाम, स्टेअरिंग जड आणि वर थोडं ढिलंही. काम नीट करायचं तर रॅक उघडून पिस्टनचा सील काढावा लागतो आणि ती लवचीकता वेल्डिंगने कायमची बंद करावी लागते. आता विचार करा, स्टेअरिंगच्या शाफ्टवर वेल्डिंग! ते कोण करतंय आणि किती नीट करतंय, यावर तुमचाच नाही तर समोरून येणाऱ्या माणसाचाही जीव अवलंबून आहे.

आणि आता बेल्टच गायब होतोय

इलेक्ट्रिक पॉवर स्टेअरिंग ही काही कालची गोष्ट नाही. १९८८ मध्ये सुझुकीने जपानमधल्या सर्व्हो या छोट्या गाडीत ते पहिल्यांदा दिलं. १९९० च्या दशकात होंडाने ते एनएसएक्स आणि एस२००० सारख्या स्पोर्ट्स कारमध्ये आणलं. पोर्शने २०११ मध्ये आलेल्या ९११ मध्ये ते वापरलं तेव्हा जुन्या चाहत्यांनी ‘रस्ता जाणवत नाही’ म्हणून बराच आरडाओरडा केला. आज आपल्याकडच्या छोट्या हॅचबॅकमध्येही हेच असतं. मोटर फक्त वळवताना वीज घेते, म्हणून इंधन वाचतं. या गाड्यांत काढण्यासारखा पंपच नाही.

जाता जाता, स्पोर्ट मोड दाबल्यावर स्टेअरिंग जड होतं, ते सॉफ्टवेअरने मदत कमी केल्यामुळे. जड होणं वेगळं आणि रस्ता हाताला जाणवणं वेगळं.

बाकीच्या वस्तूंचंही तेच. टोयोटाने तिसऱ्या पिढीच्या प्रियसमध्ये असं इंजिन दिलं ज्याला बाहेरचा बेल्टच नाही. मर्सिडीजने २०१७ मध्ये आणलेल्या एम२५६ या सहा सिलिंडर इंजिनात वॉटर पंप आणि एसी कॉम्प्रेसर दोन्ही विजेवर. अंडरड्राइव्ह पुली जे साधायचा प्रयत्न करत होती, म्हणजे गरज नसताना वस्तू फिरवू नका, ते कंपनीनेच जास्त चांगलं करून दाखवलं. पुली सगळ्या वेगांना सारखीच हळू करते, विजेचा पंप मात्र गरज बघून फिरतो.

पण याची दुसरी बाजू तुम्हाला फोनवरून लगेच कळेल. बूटलोडर लॉक असलेला फोन आठवा. फोन तुमचा, पैसे तुमचे, पण आतलं सॉफ्टवेअर बदलायचं तर कंपनीची परवानगी हवी. गाड्या त्याच दिशेने चालल्या आहेत. २०२० च्या कॉर्व्हेट सी८ मध्ये कंट्रोल युनिट एन्क्रिप्टेड होतं आणि ट्यूनर मंडळींची मोठी अडचण झाली. युरोपमध्ये जुलै २०२४ पासून विकल्या जाणाऱ्या सगळ्या नव्या गाड्यांना सायबर सुरक्षेचा आर१५५ हा नियम लागू झाला. जुन्या रचनेच्या गाड्या त्यात बसवणं परवडत नाही म्हणून पोर्शने तिथे पेट्रोल मकान आणि ७१८ ची विक्री थांबवली.

कंपन्यांचं म्हणणं चुकीचं नाही. स्टेअरिंगचं सॉफ्टवेअर हॅक झालं तर फोन हँग होण्यासारखं नसतं ते. पण कुलूप लागलं की त्यात फक्त हॅकर अडकत नाही, प्रामाणिक मालक आणि कोपऱ्यावरचा मेकॅनिकही अडकतो. पान्याच्या जमान्यात चूक करण्याचं स्वातंत्र्य होतं. सॉफ्टवेअरच्या जमान्यात दुरुस्त करण्याचं स्वातंत्र्य तरी राहील का, हा येत्या काही वर्षांतला खरा प्रश्न आहे.

भारतात कायदा काय म्हणतो?

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार, आरसीवरचा तपशील कंपनीच्या मूळ तपशिलाशी जुळणार नाही असा बदल गाडीत करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टाने हे स्पष्ट केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर बेकायदा बदलासाठी मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं.

तुम्ही म्हणाल, बॉनेटखालची पुली कोण बघतंय? चौकातला हवालदार कदाचित नाही बघणार. पण अपघातानंतर विमा कंपनीचा सर्व्हेअर बघतो. बदल आधी कळवलेला नसेल तर क्लेम अडकू शकतो. अमेरिकेत १९७५ च्या एका कायद्यामुळे बाहेरचा पार्ट लावला एवढ्याच कारणावरून कंपनी सगळी वॉरंटी रद्द करू शकत नाही. तिथले यूट्यूबर बिनधास्त दिसतात त्यामागे हेही एक कारण आहे. पण तिथेही कॅलिफोर्नियात प्रदूषणावर परिणाम करणाऱ्या पार्टला आधी मान्यता लागतेच.

पैसे देण्याआधी हे पाच प्रश्न विचारा

१. माझ्या क्रँक पुलीत डॅम्पर आहे का? असेल तर नव्या पुलीत आहे का?
२. वॉटर पंप कशावर फिरतो? पुली बदलल्यावर तो हळू होणार की जोरात?
३. गाडी ट्रॅकवर चालणार आहे की सिग्नल आणि जॅममध्ये?
४. डायनोचे आधीचे आणि नंतरचे किमान तीन-तीन रन दाखवता का?
५. स्टेअरिंगला हात लावायचा असेल तर हे काम आधी किती गाड्यांवर केलंय आणि त्या गाड्या आज कुठे आहेत?

पाचही प्रश्नांची उत्तरं सरळ मिळाली तर समोरचा माणूस जाणकार आहे. ‘काही होत नाही भाऊ, सगळे करतात’ असं उत्तर मिळालं तर चावी उचला आणि निघा. गाडी जोरात पळवायचीच असेल, तर पहिले पैसे चांगले टायर, ब्रेक पॅड आणि ताज्या ब्रेक ऑइलवर घाला. त्यांचा फरक पहिल्या गिअरमध्येही कळतो आणि चौथ्यातही.